जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना : पहिल्यांदाच हात घालणाऱ्या मुलांसाठी कामाचा क्रम

वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी स्वस्तात मिळते, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरच्यांना राजी करते, आणि पहिल्या दोन रविवारांतच सीट, डॅशबोर्ड, बंपर, रेडिएटर असे सगळे सुटे होऊन सोसायटीच्या कोपऱ्यात पसरते. मग परीक्षा येते, परीक्षेनंतर पावसाळा येतो, आणि वर्षभराने तीच गाडी वजनावर भंगारात जाते. माझी पहिली ८०० याच मार्गाने गेली. पिशव्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या, कोणता बोल्ट कुठला हे सांगता येत नव्हते, आणि इंजिन मुळात चांगले होते की नाही हे मी ते उतरवण्याआधी कधी तपासलेच नव्हते.

त्यानंतर ओळखीतल्या अनेक मुलांच्या बाबतीत मी हेच घडताना पाहिले आहे. कौशल्य कमी पडले म्हणून गाडी अडते असे सहसा होत नाही. ती अडते ती क्रम चुकल्यामुळे. म्हणून या लेखातील सर्व टप्पे एकाच नियमावर उभे आहेत: गाडी नेहमी चार चाकांवर उभी राहील आणि ढकलून हलवता येईल अशीच ठेवायची, एका वेळी एकच यंत्रणा उघडायची, आणि ती जोडून तपासून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

टप्पा १ : पैसे देण्याआधी कागद

खासगी गाडीची नोंदणी सुरुवातीला पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर होतो, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांना पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. उशीर झाला असेल तर त्याचे शुल्कही वाढत गेलेले असते, त्यामुळे गाडीची किंमत ठरवताना ही सगळी रक्कम आधी मांडावी.

गाडीचा क्रमांक परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर टाकून नोंदणीची स्थिती, थकलेले चलान आणि कर्जाचा बोजा पाहावा. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याकडून हातात घ्यावे. नोंदणी रद्द झालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. त्यानंतर बॉनेट उघडून चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावा. इंजिन बदललेले असेल आणि ते आरसीवर चढवलेले नसेल, तर तपासणीच्या दिवशी तुमची सगळी मेहनत आरटीओच्या दारात थांबेल.

मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. गाडी ताडदेव, अंधेरी, वडाळा की बोरिवली यांपैकी कोणत्या आरटीओत नोंदलेली आहे ते लिहून ठेवावे. बाहेरच्या जिल्ह्यातली असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणखी एक पायरी वाढवते.

मुंबईत दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. पहिली, सीएनजी किट. ते आरसीवर नोंदलेले असले पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली असली पाहिजे. पहिल्या गाडीसाठी किट नसलेलीच गाडी घ्यावी असे माझे मत आहे. दुसरी, जुनी टॅक्सी. काळीपिवळी पद्मिनी मनाला भुरळ घालते, परंतु व्यावसायिक नोंदणीतून खासगी नोंदणीत आणण्याची कसरत पहिल्याच प्रयत्नात अंगावर घेऊ नये.

इशारा: अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मोटारीचा परवाना मिळत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. गाडी पालकांच्या नावावर घ्यावी, आणि चाचणीसाठी सुद्धा "फक्त गल्लीच्या टोकापर्यंत" असे म्हणून चाकामागे बसू नये.

टप्पा २ : गाडीची निवड

पहिल्या कामासाठी कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी मारुती ८०० घ्यावी. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन लहान आहे, चाके बारा इंची आहेत, दोन माणसांना ती सहज ढकलता येते, आणि झिजणारे जवळपास सर्व भाग आजही दुकानात नवे मिळतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन समजायला त्याहून सोपे आहे, परंतु तिच्या काचा, दिवे, पट्ट्या आणि दरवाज्यांचे रबर शोधण्यात महिने जातात. घरात आधीच पद्मिनी असेल तर तिच्यावरच काम करावे, मुद्दाम शोधायला जाऊ नये.

इंजिन, गिअरबॉक्स, क्लच हे सगळे बदलता येते. ज्यावर गाडी उभी आहे तो पत्रा सडला असेल तर मात्र थांबावे. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही. फ्लोअर, रनिंग बोर्ड आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणून पाहणीला जाताना फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च न्यावा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली जाड लांबी (पुटी) भरलेली आहे असे समजावे. मॅट उचलून फ्लोअर, दरवाज्यांच्या खालच्या कडा, रनिंग बोर्ड, बॅटरीखालचा ट्रे, पुढचा शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) जिथे वर बसतो तो पत्रा, पुढच्या काचेखालची पन्हळ, डिकीचा तळ आणि जॅक लावण्याच्या जागा स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहाव्यात. टोक आत गेले तर ती जागा कापून नवा पत्रा जोडावा लागेल. दरवाज्याची कड सडणे चालेल. शॉकपची बैठक किंवा जॅकची जागा सडलेली असेल तर गाडी सोडून द्यावी. खालून नुकताच काळा अंडरकोट मारलेला दिसला तर विकणाऱ्याला तो का मारला हे स्पष्ट विचारावे.

मुंबईच्या गाडीत पुराची खूण शोधणे आवश्यक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बुडालेल्या गाड्यांबद्दल लोक अजून बोलतात, पण हिंदमाता, सायन, कुर्ला अशा सखल भागांत त्यानंतरही अनेकदा गाड्यांच्या आत पाणी गेले आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा: आतल्या भागावर मातकट रेषा, सीटच्या रुळांत वाळलेला गाळ, फ्यूजबॉक्सच्या तळाशी हिरवट थर यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर वायरिंग संपूर्ण बदलावे लागेल असे धरून चालावे.

पडताळणी: अंदाजलेल्या खर्चाच्या निम्मी रक्कम वेगळी शिल्लक ठेवता येते का? येत नसेल तर आणखी थांबून पैसे साठवावेत. अर्धवट गाडीला विकत घेताना मोजलेले पैसेही परत मिळत नाहीत.

टप्पा ३ : जागा, वेळ आणि हत्यारे

सोसायटीच्या सचिवांकडून लेखी परवानगी घ्यावी, आणि त्यात कामाचे दिवस, वेळ व आवाजाची मर्यादा स्वतःहून लिहून द्यावी. यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये काम करता येत नाही. तळघरात किरकोळ काम चालते, परंतु पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली साचून राहते. म्हणून टाकी, पाइप किंवा कार्बोरेटरचे काम तळघरात कधीही करू नये. पेव्हर ब्लॉकवर जॅक स्टँड खचतात, त्यांच्याखाली जाड प्लायवूडचे तुकडे घालावेत.

वेळेचा हिशेब पावसाळ्यावरून आणि परीक्षांवरून करावा. ऑक्टोबरमध्ये सुरुवात, डिसेंबरपर्यंत ब्रेक आणि इंजिन, परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये पत्र्याचे काम, आणि जूनपूर्वी सगळा उघडा पत्रा प्राइमरखाली, असा एक वर्षाचा क्रम मुंबईत जमतो. रंग पुढच्या हिवाळ्यात करावा. दहावी किंवा बारावीचे वर्ष असेल तर परीक्षा संपेपर्यंत गाडी आणूच नये.

हत्यारांसाठी मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर एकदा घरातल्या मोठ्यांबरोबर जावे. ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने आणि षटकोनी तोंडाचे सॉकेट, चांगले स्क्रू ड्रायव्हर, पकड, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), मल्टिमीटर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), हायड्रॉलिक जॅक, चार जॅक स्टँड आणि चाकांमागे लावायला लाकडी ओंडके एवढे पुरे आहे. सरकत्या तोंडाचा पाना विकत घेऊ नये; गंजलेल्या बोल्टचे कोपरे तोच गोल करतो. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे यंत्र) ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणता येतो.

इशारा: फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. चाकांना ओंडके, गाडी जॅक स्टँडवर, काढलेले चाक रनिंग बोर्डखाली आडवे, आणि खाली जाण्यापूर्वी गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहणे, हा क्रम पाच मिनिटांच्या कामालाही लागू आहे. जवळ पावडरचे अग्निशामक असावे, पायात बंद बूट असावेत, आणि घरात कोणीही नसताना गाडीखालचे काम करू नये.

टप्पा ४ : सोडवण्याआधी नोंद

एक वही करावी. प्रत्येक यंत्रणा उघडण्यापूर्वी लांबून एक, मध्यम अंतरावरून एक आणि जवळून तीन-चार अशी छायाचित्रे घ्यावीत, कारण नुसत्या जवळच्या छायाचित्रात तो भाग गाडीत कोणत्या बाजूला आहे हे सहा महिन्यांनी कळत नाही. सुटलेले बोल्ट शक्य असेल तेव्हा त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवावेत. ते शक्य नसेल तर पिशवीत घालून, आत पेन्सिलने लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवावी. पिशवीवर मार्करने लिहिलेले तेलकट हात लागून पुसले जाते. व्हॅक्यूमचे पाइप आणि वायरी सोडवताना दोन्ही टोकांना एकच क्रमांक बांधावा.

गंजलेला बोल्ट जोर लावून सोडवू नये. आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारावे, हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्यावेत, आधी किंचित घट्ट करून मग सैल करावा. तुटलेला एक स्टड काढायला लेथवाल्याकडे अख्खा दिवस जातो.

टप्पा ५ : इंजिनाचे निदान, ते न उघडता

सर्वांत जास्त नुकसान गाडी घरी आल्याच्या पहिल्या तासात होते. नवी बॅटरी जोडायची आणि लगेच सेल्फ (स्टार्टर) मारायचा, हा मोह आवरावा. बरीच वर्षे बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, रिंग चिकटलेल्या असू शकतात आणि जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो.

सर्व स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचा इंजिन ऑइल सोडावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. जुने ऑइल काढून पाहावे: दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे, धातूचे चमकदार कण दिसले तर बेअरिंग झिजलेले असू शकते. नवे ऑइल आणि फिल्टर घातल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावे. ते अडले तर जोर न लावता आणखी तेल सोडून दोन-तीन दिवस थांबावे. ८०० च्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो किती जुना आहे हे माहीत नसेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वीच बदलावा.

इंजिन दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की कॉम्प्रेशन तपासावे. सर्व प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची जोडणी काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी पूर्ण भारलेली असावी. आकडा किती मोठा आहे यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा आहे: एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर झिजलेला आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड (सिलिंडरवरचे झाकण) आणि त्याखालच्या गॅस्केटकडे पाहावे. थंड इंजिनावर घेतलेले हे माप कच्चे असते, इंजिन सुरू होऊन गरम झाल्यावर ते पुन्हा घ्यावे.

मिस्त्री "एकदा हेड उघडूनच बघू" म्हणतील. या मापांशिवाय हेड उघडू देऊ नये.

टप्पा ६ : इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक

हा क्रम मुलांना पटत नाही, कारण इंजिनाचा आवाज ऐकायची घाई असते. परंतु जी गाडी थांबत नाही ती सुरू होणे हा धोका आहे, आणि ढकलतानाही ब्रेक लागतोच. या टप्प्याला मी सर्वांत जास्त वेळ देतो आणि यात एकही जुना रबरी भाग ठेवत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे तेच ऑइल राहिले की मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून गंजतात. त्यामुळे केवळ ऑइल बदलून भागत नाही. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली पाहावे: ओल दिसली तर सिलिंडर बदलावा. आत खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसते नवे रबर घालणे ही नेहमीची चूक आहे. ते महिन्याभरात पुन्हा गळते. सर्व लवचिक होज बाहेरून चांगले दिसले तरी नवे घालावेत, आणि धातूचा पाइप जिथे क्लिपखाली जातो तिथे नखाने खरवडून पाहावा.

ड्रममधील धूळ फुंकू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते; ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करून टाकावे. रबरी भागांना पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नये, ते फुगतात. ब्रेकचे भाग ब्रेक ऑइलनेच पुसावेत. रंगावर ते सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग निघतो.

हवा काढण्याचे काम दोघांचे आहे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळची निपल उघडावी, ऑइल व बुडबुडे पारदर्शक नळीतून बाटलीत येऊ द्यावेत, निपल बंद करावी, आणि त्यानंतरच पहिल्याने पेडल सोडावे. हा शेवटचा क्रम उलटा झाला की हवा परत आत जाते, आणि तासभर मेहनत करूनही पेडल स्पंजसारखे राहते. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात; तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळावा. दर पाच-सहा वेळा डबीतील पातळी पाहावी. पुस्तिकेत सांगितलेल्या डॉट दर्जाचे, सीलबंद बाटलीतलेच ऑइल वापरावे, आणि उरलेली उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

पडताळणी: पेडल अर्ध्या मिनिटासाठी जोरात दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून सोडतो आहे. त्यानंतर कोणीतरी अनुभवी मेकॅनिकने हे काम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. यासाठी पैसे मोजावे लागले तरी मोजावेत.

टप्पा ७ : पेट्रोल, पाणी आणि पहिला सेल्फ

जुने पेट्रोल मोकळ्या हवेत, बॅटरी काढून, धातूच्या झाकणबंद डब्यात उतरवावे. टाकीच्या तळाशी गंजाचे चूर्ण असेल तर टाकी उतरवून धुवावी लागते. रिकाम्या टाकीला झाळ मारण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये: आत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या काळच्या रबरी पाइपांना ते मानवत नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी पाइप इथेनॉल सहन करणारे घ्यावेत, नवा फिल्टर घालावा, कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) स्वच्छ करावेत. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते; द्राव आणि हवा पुरते.

रेडिएटरमधून गंजलेले लाल पाणी निघाले तर स्वच्छ होईपर्यंत धुवावे आणि कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात, बाटलीवरील प्रमाणात घालावे. "मुंबईत गरमी आहे, थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये मिळतो. तो ऐकू नये. थर्मोस्टॅटशिवाय (कूलंटचा प्रवाह आवरणाऱ्या झडपेशिवाय) इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. गाडी तापत असेल तर कारण रेडिएटर, पंखा किंवा पंप यांत शोधावे.

आता प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझतो का ते पाहावे. विझला की प्लग बसवून, उघड्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवून इंजिन सुरू करावे. सुरुवातीचा निळा धूर आपण सोडलेल्या ऑइलचा असतो. काही मिनिटांत तो कमी झाला पाहिजे. ऑइलचा दिवा पुन्हा लागला किंवा पेट्रोलचा थेंब दिसला तर त्याच क्षणी बंद करावे.

काढलेले ऑइल गटारात ओतू नये. बंद डब्यात गॅरेजला द्यावे. जुनी बॅटरी दुकानदार नव्याच्या बदल्यात घेतो.

टप्पा ८ : चाके आणि स्टिअरिंग

हा टप्पा छोटा आहे. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खूप वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत. चाकांचे आणि स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, टायरॉड एंड आणि बुश, ढिले असतील तर नवे घालावेत, मात्र शॉकपची स्प्रिंग स्वतः सोडवू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. हे काम गॅरेजचे आहे.

टप्पा ९ : पत्रा

वेल्डिंग डेंटरकडून (पत्र्याचे काम करणाऱ्याकडून) करून घ्यावे, पण त्याची तयारी तुम्ही करावी, कारण तिथेच दर्जा ठरतो. बॅटरी, मॅट, सीट आणि जवळच्या वायरी काढाव्यात; टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवावी. गंजलेला भाग चमकदार पत्रा दिसेपर्यंत घासावा आणि खडूने कापायची रेषा आखून द्यावी. गंज रूपांतरित करणारे रसायन वरवरच्या गंजावर चालते, भोकावर चालत नाही. जुन्या पत्र्यावरच नवा तुकडा चिकटवून दिला तर मधल्या फटीत पाणी साचते आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही पत्रे जातात. सडलेला भाग कापूनच नवा जोडावा असे आधीच ठरवून घ्यावे.

वेल्डिंग झाल्यावर त्याच दिवशी प्राइमर मारावा. मुंबईच्या हवेत उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस छटा चढते. लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. दरवाज्यांच्या तळाशी आणि काचेखालच्या पन्हळीत पाणी निघून जाण्यासाठी मुळातच भोके असतात. रंगारी ती लांबीने बुजवतात, म्हणून काम सुरू होण्यापूर्वी त्यांत कागदाच्या गुंडाळ्या घालून ठेवाव्यात आणि शेवटी मोजून काढाव्यात.

टप्पा १० : वायरिंग

जुन्या गाडीतील विजेचे निम्मे दोष खराब अर्थचे (बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जाणाऱ्या जोडणीचे) असतात. बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि शेवटी जोडावे. इंजिन व बॉडीमधील अर्थची पट्टी घासून स्वच्छ बसवावी. बंद असताना भारलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवते. याहून कमी असेल तर चार्जिंग तपासावे. वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळू नये, दमट हवेत तांबे हिरवे पडते. क्रिंप किंवा सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी घालावी. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नये, उडण्याचे कारण शोधावे.

सुटे भाग घेताना जुना भाग सोबत न्यावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने दरवाजे, काचा, दिवे, आरसे, हँडल चांगले मिळतात, ते घ्यावेत आणि पावती मागावी. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलचे पाइप आणि सीटबेल्ट मात्र नवेच घ्यावेत, मग जुन्याची किंमत कितीही कमी सांगितली जावो.

टप्पा ११ : रंग आणि आतली सजावट

जून ते सप्टेंबर रंग करू नये. हवेतील ओलाव्यामुळे रंगावर पांढुरकी झाक येते. हार्डनर मिसळायच्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने ते अडत नाही, म्हणून असा रंग सोसायटीत स्वतः फवारू नये. घासण्याचे काम स्वतः करावे: लांबीवर ८० पासून १८० पर्यंत, प्राइमरवर ३२०, आणि रंगापूर्वी ४०० ते ६०० नंबरचा पाणपेपर. ओल्या घासणीनंतर पत्रा पूर्ण वाळू द्यावा. रंग बदलायचा असेल तर तो आरसीवरही बदलावा लागतो. मूळ रंग ठेवणे सोपे आहे. सीट आणि मॅट सर्वांत शेवटी.

टप्पा १२ : तपासणी आणि पहिले शंभर किलोमीटर

तृतीय पक्ष विमा, नूतनीकरण झालेली नोंदणी, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. नोंदणी संपलेली असेल तर आरटीओत गाडी स्वतः चालवत न नेता टो करून न्यावी. पहिली फेरी परवानाधारक, अनुभवी व्यक्तीने, कोरड्या रस्त्यावर, पहाटे करावी. तुम्ही शेजारी वही घेऊन बसावे आणि ब्रेक एका बाजूला ओढतो का, तापमानाचा काटा कुठे थांबतो, कोणत्या वेगाला कोणता आवाज येतो हे लिहून काढावे. घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवावा: सकाळी डाग कुठे पडला आहे त्यावरून गळती कुठली ते कळते.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, ब्रेक ऑइल आणि कूलंटची पातळी पाहावी. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घट्ट बांधून ठेवू नये, आतला ओलावा अडकतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर चारही मॅट उचलून फ्लोअरवर हात फिरवावा. ओल लागली तर मॅट परत टाकू नये, पाणी कुठून आले ते सापडेपर्यंत फ्लोअर उघडाच ठेवावा.